साडेबारा ते तीन

समोरच्या चौदा मजल्यांचं काम
बरोबर साडेबाराला थांबतं.
क्रेन मान वळवून उभी राहते,
माणसं तळमजल्याच्या सावलीत पुठ्ठे अंथरून
बूट उशाला घेऊन आडवी होतात.
उन्हाळ्यात तसा कायदाच आहे इथे.
त्यांना कुणी म्हणत नाही,
रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत.

मला म्हणतात.

शारजात, अल नहदाच्या सहाव्या मजल्यावरून
मी त्यांना बघत पडून असते. तिसरा उन्हाळा.
आधी दहावीला भौतिकशास्त्र शिकवायचे.
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.
भिंतीला दिवसभर ढकला, भिंत हलली नाही
तर कार्य शून्य, पोरांनो.
मेहविश नावाची मुलगी उठून म्हणाली होती,
मॅम, आणि दमलो ते कुठे लिहायचं?
मी म्हटलं, ते सिलॅबसमध्ये नाही.

एका साध्या तापाबरोबर आलं,
ताप गेला, हे राहिलं.
झोपून उठते ती झोपेनेच दमलेली.
भांग पाडताना मध्येच हात खाली ठेवावा लागतो.
आई फोनवर सांगते, बाहेर पड जरा, मन रमव.
मन केव्हाच तयार होऊन
चपला घालून दारात उभं असतं गं.
बाकीची मी येत नाही.

मागच्या दिवाळीत एक बरा दिवस आला
आणि मी त्याच्यावर तुटून पडले.
ओटा, पडदे, चकल्या,
खालच्या तहसीन परकारकडे ताट, तेही जिन्याने.
मग अकरा दिवस अंधारात.
मोबाईलचा उजेड सोसवेना,
कुकरची शिट्टी हाडात वाजायची.
डब्यात चकल्या मऊ पडल्या.

डॉक्टर हनाननी गोळी नाही, वही दिली.
जेवढं जमेल वाटतं त्याच्या निम्मं करा.
दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबा.
करून बघा एकदा.
अर्धी कोथिंबीर निवडून उठायचं,
हात चालत असताना.
आणि आतून जो आवाज म्हणतो, नाटकं,
त्याला एक नाव द्या म्हणाल्या.
मी ठेवलं, तपासनीस.
येतो, वही उलटतो, लाल शेरा मारतो.
त्याला पाणी विचारायचं, वाद घालायचा नाही.
वादातही त्राण जातं.

अंथरूण पाहून पाय पसरावे,
बाबा पगाराच्या दिवशी म्हणायचे.
आता मी सकाळी खरोखरच अंथरूण बघते,
आज केवढं आहे?
आज आंघोळीएवढं.
आज आंघोळ आणि वरण, स्टुलावर बसून.
कधी नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर.
अजेय हल्ली कशी आहेस विचारत नाही.
किती, एवढंच विचारतो.
मी बोटं दाखवते.

सप्टेंबर सरला, समोरची बंदी उठली,
भर दुपारी पुन्हा घण वाजतात.
मी माझी उठवली नाही.
साडेबारा ते तीन, पडदा, पुठ्ठ्याऐवजी गादी,
बारमाही कायदा, सही माझीच.

काल चार बोटं होती.
संध्याकाळी रस्ता ओलांडून बागेत गेलो.
तळं दिसत होतं, बदकंही,
तिसरा बाक तीस पावलांवर.
पाय दुखत नव्हते.
गेले असते.
मी तिथूनच वळले.
अजेयने काही न बोलता लिफ्टचं बटण दाबलं.

रात्री वहीत लिहिलं:
घरून निघाले, घरी आले. विस्थापन शून्य.
म्हणजे नियमाप्रमाणे कार्यही शून्य.
मेहविश, दमणं मी समासात लिहिते आता.
आज ते समासात मावलं.